सहावी ओळ

बुधवार, ४ मार्च

१. रविवारी तुझी दोन ओळींची मेल आली: डेटाबेस आपलं आपण शिकायचं असेल तर चांगलं पुस्तक कोणतं, जमलं तर सांग.

२. तू आमचं घर सोडलंस त्याला तीन वर्षं सात महिने झाले.

३. तू सामान न्यायला आलीस त्या दिवशी मी घरात होते, मागच्या खोलीत. तू तीनदा त्या खोलीचं दार वाजवलंस. मी उघडलं नाही.

४. त्यानंतर मी तुला पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही.

५. दादाने गेल्या वर्षी दुसरं लग्न केलं. तुला कळलं नसेल तर ते माझ्याकडून कळावं.

६. मला तुला भेटायचं आहे. या पत्रात हे पुन्हा लिहिणार नाही.

आता तुझा प्रश्न. तुला काय म्हणून हाक मारावी ते ठरेना, म्हणून मायना सोडला आहे. चूक धरू नकोस.

पुस्तक एकच सांगता येणार नाही, कारण तू ते शिकून काय करणार आहेस ते लिहिलं नाहीस. तोवर सर्वसाधारण सांगते. डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेली टेबलं. एसक्यूएल म्हणजे त्या टेबलांना प्रश्न विचारायची भाषा. प्रश्न विचारायला महिन्याभरात येतं, टेबलं नीट आखायला वर्षं लागतात. बहुतेक पुस्तकं हे उलट सांगतात.

निवडताना मी एवढंच बघते. तिसऱ्या प्रकरणापर्यंत हाताने काही करायला लावलं नसेल तर पुस्तक परत ठेवते. चूक केली की पडद्यावर काय दिसतं हे ज्यात दाखवलेलं नसतं, ज्यात सगळी उत्तरं पहिल्या फटक्यात बरोबर येतात, तेही ठेवते. नेटवर सरावाच्या साइट आहेत. तिथे क्वेरी, म्हणजे असा एक प्रश्न, लिहिली की 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच येतं. हात बसवायला त्या चांगल्या, समजायला नाहीत. प्रोग्रामसोबत येणारी अधिकृत माहिती शब्दकोशासारखी वापर, पहिल्या पानापासून वाचायला बसू नकोस. चाळीस-चाळीस तासांचे व्हिडिओ टाळ. ऐकताना सगळं कळतं आणि बंद केल्यावर हातात काही राहत नाही.

तुझं काम काय आहे, हाताशी किती दिवस आहेत आणि कॉम्प्युटर कोणता आहे ते कळव.

मी


सोमवार, ९ मार्च

प्रिय मोजपट्टी,

साडेतीन वर्षं सहा मुद्द्यांत बसवलीस. तू बदललेली नाहीस हे बघून बरं वाटलं. पत्र कार्यशाळेत पांढरेमामांना वाचून दाखवायला घेतलं होतं, पण तिसऱ्या मुद्द्यापाशी चष्मा पुसायचं निमित्त केलं आणि घडी घातली.

पाचवा मुद्दा माहीत होता. नांदोत बापडे. सहाव्याचं नंतर बघू. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आणि फोन करू नकोस. फोनवर तू गप्प बसतेस, मग मी दोघींचं बोलते. लिहिलेलं मला पाचदा वाचता येतं.

मी अजून तिथेच आहे, कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत. फरक एवढाच की तेव्हा मी दारातच टेबल टाकून बसायचे, आता आतल्या खोलीत कार्डांच्या कपाटांशेजारी बसते. माणूस आला की मी कार्ड काढते: नाव, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, माप कधी घेतलं, फिटिंग कधी झालं. पांढरेमामा मापावरून प्लास्टरचा साचा करतात. सकाळी काळे येतात, संध्याकाळी पांढरे जातात, म्हणून ते नाव. तुला ते आठवत असतील, तुझ्या गुडघ्याला लागलं होतं तेव्हा उगाचच तुझं माप घ्यायला निघाले होते.

तर नवीन मॅनेजरबाई आल्या आहेत. त्यांना अकरा हजार कार्डं कॉम्प्युटरवर हवीत. म्हणाल्या, "जूनअखेर तुम्हाला हे सांभाळता आलं तर टेबल तुमचं. नाही तर बाहेरून माणूस घेऊ, तुम्हाला मामांच्या हाताखाली देऊ." मामा म्हणाले, "ये की, मी सांभाळून घेईन." पण त्या प्लास्टरच्या भुकटीत माझी छाती दोन आठवडेही टिकायची नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे.

व्हिडिओ टाळ म्हणालीस, पण उशिरा म्हणालीस. बारा तास ऐकून झालेत. सायकलचं दुकान आहे. गिऱ्हाईक क्रमांक एक, गिऱ्हाईक क्रमांक दोन. मास्तर विचारतात, गिऱ्हाईक क्रमांक चारने काय घेतलं. मी लिहिते, उत्तर येतं, मास्तर खूश. पण ते उत्तर चुकलेलं असतं तरी मला काय कळणार होतं? त्या गिऱ्हाइकांना मी ओळखते थोडीच.

आता नीट सांग.

तुझी
(मीही सोडते. फिटंफाट.)


रविवार, १५ मार्च

"त्या गिऱ्हाइकांना मी ओळखते थोडीच" हे मी वहीत उतरवून घेतलं. शिकायचं साधन कसं असावं यावर मी बरंच वाचलं आहे, पण इतकं नेमकं कुठे वाचलं नव्हतं. ज्याचं खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे अशाच माहितीवर शिकावं, म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलला तर पकडता येतो.

म्हणून पुस्तकाऐवजी मीच फाइल केली आहे. सोबत आहे. ती उघडणारा प्रोग्राम छोटा आणि फुकट आहे, तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल. कसा बसवायचा ते फाइलच्या सुरुवातीला लिहिलं आहे. धडे पाच. पहिल्या चार धड्यांना तुझीच कार्डं घे: कपाटातून वीस कार्डं काढ आणि कागदावर टेबलं आख. नियम एकच, कोणतीही गोष्ट एकाच जागी लिहायची. माणसाचं नाव माणसांच्या टेबलात, फिटिंगच्या तारखा फिटिंगच्या टेबलात, आणि दोघांना जोडणारा कार्डाचा नंबर दोन्हीकडे. आठवडाभर कॉम्प्युटर सुरूही करू नकोस.

पाचवा धडा जॉइनचा, म्हणजे दोन टेबलं जुळवून एक उत्तर काढायचं. त्यासाठी मी आपलं घर घेतलं आहे. एका टेबलात माणसं, दुसऱ्यात खोल्या. प्रश्न: कोण कोणत्या खोलीत? त्या घराला तू ओळखतेस, म्हणून उत्तर चुकलं तर तुला कळेल. किती ओळी आल्या ते कळव.

माझ्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी थोडं लिहिते. दुसऱ्या मजल्यावर खोली आहे, समोर इस्त्रीचं दुकान. काम चांगलं आहे. ऑफिसच्या जिन्यात एक बाई दोन-दोन पायऱ्या सोडून चढतात. पावलांचा आवाज आला की मी दर वेळी मान वर करते. त्या हिशेब खात्यात आहेत, आमची ओळख नाही.

मी


रविवार, २९ मार्च

मोजपट्टी,

चार धडे झाले. कागदावर आखण्याचं तू म्हणालीस ते पटलं. मामांनी विचारलं, "घर बांधतेस का काय?"

पाचवा आज केला. पाच ओळी आल्या. आई, बाबा, दादा, नवी आणि तू. माझ्या खोलीपुढे दादा आणि नवी. तू म्हणाली होतीस की त्या घराला मी ओळखते, उत्तर चुकलं तर कळेल. दोनदा तपासलं. उत्तर बरोबर आहे.

पुढचं पाठवायची घाई नको. इथे काम वाढलं आहे.


मंगळवार, ३१ मार्च

पाच ओळी बरोबर. क्वेरीही तपासली, एक स्वल्पविराम सोडला तर स्वच्छ आहे.

पण नीट बघ. त्या उत्तरात कोणीतरी कमी आहे. तुला दिसलं का? दिसलं असेल तर ते का कमी आहे याचा विचार कर. धडा तोच आहे.

मी


रविवार, १२ एप्रिल

सहावा धडा पाठवू का, एवढंच विचारायचं होतं. जूनअखेरला अकरा आठवडे उरले आहेत.

मी


रविवार, २६ एप्रिल

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. आज मी माझीच शेवटची तीन पत्रं तुझ्या जागी बसून वाचली. हे मला आधी करता आलं असतं.

३१ मार्चला मी लिहिलं, कोणीतरी कमी आहे, ते का कमी आहे याचा विचार कर, धडा तोच आहे. मला जे म्हणायचं होतं ते आणि या वाक्याचा अर्थ यांत केवढं अंतर आहे ते मला दिसलं. तुला ते पहिल्यांदा वाचतानाच दिसलं असणार.

मला काय म्हणायचं होतं ते सांगते.

साधा जॉइन दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या ओळीच देतो. ज्या माणसापुढे खोलीचा नंबर लिहिलेला नाही, तो माणूस उत्तरात येत नाही. कॉम्प्युटर त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही, चूक दाखवत नाही, उत्तर देतो आणि थांबतो. या विषयातली ही सगळ्यात जुनी खोड आहे, आणि पुस्तकं ती सातव्या-आठव्या प्रकरणात सांगतात. तोवर शिकणाऱ्याच्या हातून कितीतरी माणसं गळून गेलेली असतात. तुझ्या कामात ते परवडणार नाही. म्हणून ती तुला स्वतःहून दिसावी आणि तू मला विचारावंस, "सहावी ओळ कुठे गेली?" अशी माझी अपेक्षा होती. तुझा प्रश्न आला की मी लेफ्ट जॉइन सांगणार होते. तो पहिल्या टेबलातल्या सगळ्यांना आणतो. दुसरीकडे जुळणारं काही सापडलं नाही तर ती जागा रिकामी ठेवतो, पण माणसाला गाळत नाही.

तू फक्त उत्तर बघितलंस. मूळ टेबल उघडून बघ. माणसांच्या टेबलात सहा ओळी आहेत. सहाव्या ओळीत खोलीचा रकाना रिकामा आहे, कारण तू आता कोणत्या खोलीत राहतेस ते मला माहीत नाही. त्याच्या आधी 'हाक' नावाचा रकाना आहे. त्यात मी तुला काय म्हणते ते लिहिलं आहे. नव्या वहिनीपुढे मी 'नवी' लिहिलं, कारण दुसरा शब्द आधीच वापरलेला होता.

मी


रविवार, १० मे

प्रिय मोजपट्टी,

टेबल उघडलं. वाचलं. नाक शिंकरून परत वाचलं. तुझ्यासारख्या बाईने तो शब्द तोंडाने म्हणायचा सोडून फाइलमध्ये पुरून ठेवायचा आणि वर म्हणायचं, बघ सापडतो का. धन्य आहे तुझी.

महिनाभर मी तुला मनात इतकं बोलले आहे की प्रत्यक्षात बोलायला आता काही शिल्लक नाही. मामांना म्हटलं, नणंद होती ना माझी, नणंद ती नणंदच. ते म्हणाले, "नणंद होती म्हणतेस, मग रागावतेस कशाला?"

आता ऐक, काय झालं ते. मॅनेजरबाईंनी मागच्या आठवड्यात यादी मागितली. ज्यांचं काम अर्धवट राहिलंय अशा सगळ्यांची, फोन करून बोलवायला. तोवर मी चार हजार कार्डं भरली होती, सगळ्यात अलीकडची आधी. माणसं आणि फिटिंग जुळवलं, शेवटचं फिटिंग बाकी असलेले काढले, चौसष्ट आले. छापून दिली. छाती फुगवून मामांना दाखवली.

आमच्याकडची रीत तुला माहीत नसेल. माणूस नवा पाय घालून दारातून चालत बाहेर पडला की मामा त्याचा साचा फोडतात. तोवर फोडायचा नाही, मग किती का वर्षं होईनात. मामांनी यादी वाचली, मागे वळून फडताळाकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझं यंत्र चौसष्ट म्हणतंय. माझं फडताळ तसं म्हणत नाही."

"किती म्हणतंय?"

"मोज की. दोन हात तुलाही आहेत."

मोजले. एकशे एक. मी म्हटलं, मामा, तुमचे हे पाय व्यायले काय? पण सदतीस साचे जास्त होतेच, नंबरासकट. कार्डं काढली. सगळ्यांचं एकच: माप दिलं आणि परत आलेच नाहीत. एकही फिटिंग नाही, म्हणून फिटिंगच्या टेबलात त्यांची ओळ नाही, म्हणून माझ्या यादीत ते नाहीत. ज्यांना सगळ्यात आधी बोलवायचं तेच गळले. तिथे उभ्या उभ्या मला तुझं ३१ तारखेचं पत्र आठवलं, आणि त्याच संध्याकाळी मी तुझं नंतरचं उघडलं. हो, ते दोन आठवडे न उघडता ठेवलं होतं.

लेफ्ट जॉइन लावला. एकशे एक आले. मामा म्हणाले, "हां. आता हुशार झालं."

त्या सदतीसांतल्या एक बसकंडक्टर होत्या. तीन वर्षांपूर्वी माप दिलेलं. मी फोन केला तर म्हणाल्या, "मला वाटलं, माझा पाय तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलात." मी विचारलं, तुम्ही फोन का नाही केलात? म्हणाल्या, "तुम्ही नाही केलात, म्हणून मी नाही केला." सोमवारी येणार आहेत.

भेटीचं मी नंतर बघू म्हटलं होतं. आता बघते. पण आधी एक विचारायचं आहे, आणि याचं उत्तर तुझ्या सहा मुद्द्यांत नव्हतं. तू दार का उघडलं नाहीस? तू आत होतीस हे मला माहीत होतं. पंखा चालू होता.

तुझी
वहिनी


रविवार, १७ मे

वहिनी,

याचं उत्तर मी पहिल्या पत्रात लिहून काढलं होतं. सातवा मुद्दा होता. पाठवायच्या आधी खोडला.

दादाच्या वकिलाने तुझ्यासमोर जी यादी वाचली ती मी केली होती. एकेचाळीस तारखा, तू ठरल्या वेळेनंतर घरी आलीस त्या.

दारावरचं कुलूप मी बसवलं होतं, तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टचं. प्रत्येकाला वेगळा आकडा होता आणि कुणी कधी दार उघडलं ते त्यात साठत होतं. दादाने विचारलं, तारखा काढून देशील का. मी म्हटलं, देते. मला अर्धा तास लागला.

त्या एकेचाळीसपैकी अकरा संध्याकाळी तू माझ्याबरोबर होतीस. माझं शेवटचं वर्ष होतं, घरात अभ्यास होत नव्हता, तू मला वाचनालयात न्यायचीस आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचीस. परतताना मी कोपऱ्यावर झेरॉक्सला थांबायचे आणि तू पुढे जाऊन दार उघडायचीस, म्हणून कुलपात तुझा आकडा. बाकीच्यांतल्याही बऱ्याच संध्याकाळी तू कुठे होतीस ते मला माहीत होतं. मी यादीत कारणाचा रकाना केला होता. भरायलाही घेतला होता. दादा म्हणाला, एवढं कशाला, तारखा पुरे आहेत. मी तो रकाना काढून टाकला. एक बटण दाबलं की रकाना जातो.

मी असं का केलं याचंही उत्तर आहे, ते चांगलं नाही. तू घर सोडणार आहेस हे मला दादाकडून कळलं. तू मला सांगितलं नव्हतंस. मला वाटलं होतं, तू जाशील तर आधी मला सांगशील. मला राग आला होता, आणि दादाने नेमकं तेव्हाच विचारलं.

दार उघडलं असतं तर तुझ्याकडे बघावं लागलं असतं. म्हणून उघडलं नाही. तू जिना उतरलीस ते ऐकलं. त्या दिवशी तू एक-एक पायरी उतरत होतीस, हातात सामान होतं म्हणून. दोन खेपा झाल्या. तिसरी होईल म्हणून मी कडीला हात लावून उभी होते. तिसरी झाली नाही.

सहावा आणि सातवा धडा सोबत आहे. याचं उत्तर दिलं नाहीस तरी ते पूर्ण कर. तुझी जूनअखेरची परीक्षा वेगळी गोष्ट आहे.

मी


रविवार, २१ जून

मोजपट्टी,

काल तपासणी झाली. बाहेरून एक चष्मेवाले गृहस्थ आले होते, तीन तास बसले. शेवटी विचारलं, "हे तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हटलं, घरी. टेबल माझं राहिलं. मॅनेजरबाईंनी हात मिळवला. मामांनी पंजाएवढं पांढरं माझ्या पाठीवर उमटवलं. सहावा-सातवा धडा केला नसता तर जमलं नसतं, हे तुला सांगितलंच पाहिजे.

पाच आठवडे लिहिलं नाही ते तपासणीमुळे, असं म्हणता आलं असतं. तसं नाही.

यादी तू केलीस हे मला माहीत होतं. त्याच दिवशी कळलं. वकिलांनी पहिली तारीख वाचली, सात वाजून बावन्न मिनिटं आणि एकोणीस सेकंद. तुझ्या दादाला आपला चहाचा कप कुठे ठेवला ते आठवत नाही, तो सेकंद कुठून आणणार? तेव्हाच मी घटस्फोटाच्या कागदांवर सही केली. भांडायला आले होते, पण ते सेकंद ऐकले आणि भांडावंसं वाटेना. घरी कुणी माझ्या बाजूचं नाही हे ठाऊक होतं, पण तूही नाहीस असं वाटलं. तरी मार्चमध्ये तुलाच विचारलं. पुस्तकं काय, कुणीही सांगितली असती. मला निमित्त हवं होतं. तू आपणहून सांगशील याची मी वाट बघत होते आणि तू सांगितलंस.

पण रकान्याचं मला माहीत नव्हतं. मी समजत होते की तुला कारणं ठाऊक नसतील, किंवा आठवली नसतील, लहान होतीस, दादाने सांगितलं ते केलंस. तुला ठाऊक होती, तू लिहायला घेतली होतीस, आणि मग काढलीस. पहिल्या रागाला साडेतीन वर्षं झाली होती, तो मऊ पडला होता. हा नवा आहे. याच्याशी कसं वागायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि हो, मी तुला आधी सांगायला हवं होतं. तुझ्या खोलीपर्यंत दोनदा आले होते. तू अभ्यास करत होतीस. परीक्षा होऊ दे म्हटलं.

भेटीचं मला ठरवता येत नाही. ओढून-ताणून हो म्हणणार नाही.

वहिनी


सोमवार, २९ जून

वहिनी,

टेबल तुझं राहिलं हे वाचून मी ऑफिसात खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन आले. अभिनंदन.

तुझ्या रागावर मला काही म्हणायचं नाही. तो माझ्यामुळे आहे आणि तो किती दिवस राहील हे तू ठरवायचं.

मी मागच्या आठवड्यात एक काम केलं. जुनी यादी माझ्याकडे होती. मी तिच्यात कारणाचा रकाना परत घातला आणि भरला. अकरा ओळी: माझ्याबरोबर, वाचनालय. पंधरा ओळी: कार्यशाळा, लांबून आलेल्या माणसाचा पाय त्याच दिवशी बसवून द्यायचा होता. सात ओळी: आईची औषधं, मोठ्या दुकानात, कारण जवळच्या दुकानात ती मिळत नसत. एकूण तेहेतीस. ही कारणं मला तेव्हाच माहीत होती, आता शोधून काढलेली नाहीत, हे मी यादीच्या वर लिहिलं आहे. खाली माझं नाव घातलं आहे आणि पहिली यादी मीच केली होती, हा रकाना मीच काढला होता, असंही लिहिलं आहे.

शुक्रवारी ती दादाला, आईला आणि बाबांना पाठवली. दादाचा फोन आला. म्हणाला, "झालं गेलं आता कशाला उकरतेस?" मी म्हटलं, "तुझ्याकडे चुकीची प्रत होती, बरोबर पाठवली." त्याने फोन ठेवला. बाबांनी काही कळवलं नाही. आई काल बोलली. म्हणाली, "औषधांना तीच जायची, हे मला माहीत होतं. मी पण कुठे बोलले?" मग विचारलं, "तिची छाती कशी आहे?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

याने काही फिरत नाही हे मला कळतं. तुझी सही तिथेच राहणार. पण आता त्या घरात जी यादी आहे ती खरी आहे.

आठ ओळी रिकाम्या राहिल्या. त्या संध्याकाळी तू कुठे होतीस ते मला माहीत नाही. ते सांगायचं तुझ्यावर बंधन नाही, तेव्हाही नव्हतं, आणि मी ते विचारायला येत नाही आहे.

मला फक्त यायचं आहे. शनिवार १८ आणि रविवार १९ जुलै, दोन दिवस. राहण्याची सोय मी वेगळी करते. शनिवारी कार्यशाळा अर्धा दिवस असते असं तुमच्या पाटीच्या फोटोवर दिसतं. ती सुटेल तेव्हा मी समोरच्या बाजूला उभी असेन. तू बाहेर येऊन दहा मिनिटं बोललीस तरी चालेल. रागावून बोललीस तरी चालेल. फोनवर मी गप्प बसते हे खरं आहे. समोर आल्यावर बसणार नाही, एवढं कबूल करते.

रजेचा अर्ज मला दहा तारखेच्या संध्याकाळपर्यंत द्यावा लागतो. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, एक शब्द पुरे. कृपया शुक्रवार, १० जुलैपर्यंत कळव.

तुझी
नणंद